अडुळसा : बांधावरचं झाड, खोकल्याचा काढा आणि भाताच्या खाचरातली एक जुनी नोंद

सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावात दोन आवाज वाढतात, एक मळणीयंत्राचा आणि दुसरा खोकल्याचा. भुसा नाकातोंडात जातो, पहाटे गारठा पडायला लागलेला असतो, आणि मग घराघरांतून कुणीतरी बांधाकडं अडुळशाची पानं आणायला जातं. आज या अडुळशाबद्दलच लिहितो. "अमुक रोगावर रामबाण" असे मेसेज सगळ्यांच्या फोनवर रोज येतात, तसलं काही यात नाही. हे झाड खोकल्याचं औषध कसं झालं, ते गोऱ्या साहेबाच्या बाटलीत कसं शिरलं, आणि त्यात शेतकऱ्याचा संबंध कुठं आला, याचा जेवढा माग लागला तेवढा मांडतो.

झाड ओळखायला सोपं. पुरुषभर उंचीचं झुडूप, पानं समोरासमोर, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, कडेला दाते नाहीत. पान चुरगळलं की एक उग्र वास येतो, तो एकदा कळला की विसरत नाही. फुलं पांढरी, आत जांभळट रेघा, आणि फुलाचे दोन ओठ असे उघडलेले की सिंहानं जबडा वासल्यासारखं दिसतं. जुन्या ग्रंथांत याला सिंहास्य म्हणतात ते त्यामुळंच. वासा, वासक, वृष, आटरूषक अशी आणखीही नावं आहेत. आटरूषक आणि आपला अडुळसा यांचं नातं मोठ्यानं दोनदा म्हटलं की कानालाच कळतं. हिंदीत अडूसा, गुजरातीत अरडूसी, नेपाळीत असुरो, आणि हिमाचलात बसूटी.

कानडीत आडुसोगे, तमिळमध्ये आडातोडै. दक्षिणेत 'आडु' म्हणजे शेळी. शेळी ज्याला तोंड लावत नाही ते आडातोडै, अशी तिकडं नावाची फोड सांगतात. व्याकरणवाल्यांना ती कितपत पटेल माहीत नाही, पण शेळ्या राखणाऱ्याला लगेच पटेल. शेळी बाभळीचे काटे चघळते, कोवळ्या रुईलासुद्धा कधी तोंड लावते, पण अडुळसा हुंगून पुढं जाते. म्हणूनच तो बांधावर टिकला. कुंपणाला लावा, राखण लागत नाही. हे झाड हजार-दीड हजार वर्षं माणसाच्या वस्तीभोवती राहिलं त्याचं निम्मं श्रेय वैद्यांना आणि निम्मं शेळ्यांना द्यायला हवं, असं माझं मत आहे.

आणि हेच शेळीवालं नाव पुढं जगभर गेलं. 1670 च्या दशकात पॉल हर्मन नावाचा डॉक्टर डच कंपनीच्या नोकरीत श्रीलंकेत होता. त्यानं तिथल्या वनस्पती वाळवून कागदावर चिकटवून ठेवल्या. तो संग्रह पुढं स्वीडनच्या लिनियसच्या हाती लागला. लिनियस आयुष्यात कधी इकडं आला नाही, पण त्या वाळक्या पानांवरून त्यानं 1747 साली श्रीलंकेच्या वनस्पतींवर पुस्तक लिहिलं आणि 1753 साली या झाडाला शास्त्रीय नाव दिलं, जस्टिसिया अधातोडा. म्हणजे लॅटिन म्हणून कॉलेजात पाठ करतो त्यातला दुसरा शब्द आपल्याच दक्षिणेकडच्या गुराख्याचा आहे. 1832 साली नीस या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला अधातोडा वासिका केलं, म्हणजे तमिळ शेळी आणि संस्कृत वासा एकत्र बांधले. कृषी विद्यापीठांच्या पुस्तकांत आजही दोन्ही नावं सापडतात. झाड एकच आहे, गोंधळू नका.

आता औषधाकडं येतो. चरकसंहितेत वासा मुख्यतः येते ती रक्तपित्ताच्या उपचारात. रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून, खोकल्यातून रक्त पडणं. पुढच्या ग्रंथांत खोकला, दमा आणि क्षय यांच्याशी तिचं नाव कायमचं जोडलं गेलं. वैद्यांमध्ये एक जुनं वचन फिरतं, त्याचा मतलब असा की जोवर वासा आहे आणि जगायची आशा आहे तोवर रक्तपित्त, क्षय आणि खोकला झालेल्यानं खचायचं कारण नाही. हे वचन मला एकाच वेळी धीराचं आणि धोक्याचं वाटतं. का, ते पुढं सांगतो.

त्याआधी रस काढायची रीत, कारण त्यात शेतकऱ्याला कळेल असं शहाणपण आहे. ज्यानं अडुळशाचं ताजं पान खलबत्त्यात कुटून पिळलंय त्याला माहीत आहे की चोथाच जास्त निघतो, रस बोटभर. पानात पाणी आहे, पण ते सुटत नाही. जुन्या वैद्यांनी यावर पुटपाक ही युक्ती काढली. शार्ङ्गधराच्या ग्रंथात ती सविस्तर आहे. पानं वाटून गोळा करायचा, तो जांभळाच्या किंवा वडाच्या पानांत गुंडाळायचा, वरून दोन बोटं जाड मातीचा लेप द्यायचा आणि विस्तवात ठेवायचा. माती लाल झाली की काढायचा, फोडायचा आणि गरम गोळा फडक्यात पिळायचा. वाफेनं पानाच्या पेशी मऊ पडतात आणि रस धो धो सुटतो. आमच्याकडच्या बाया याचंच सोपं रूप करतात. पानं मोदकासारखी चाळणीत उकडायची, किंवा तव्यावर झाकण ठेवून वाफवायची, मग पिळायची. त्या रसात मध. कुणी पिंपळीची चिमूट टाकतं, कुणी काढ्यात ज्येष्ठमध आणि बेहड्याची साल टाकून खडीसाखर घालतं. चव तरीही कडूच.

ही रीत वैद्याच्या घरातून शेतकऱ्याच्या घरात येण्यात छापखान्याचाही हात आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' हा मराठी ग्रंथ कित्येक जुन्या वाड्यांत पोथ्यांच्या शेजारी असायचा. एकेक वनस्पती, तिची नावं, तिचे उपयोग, साध्या भाषेत. पदेशास्त्री 1909 साली वारले, पण पुस्तक पुढं कितीतरी वर्षं छापलं जात राहिलं. आजीला "परंपरेनं" माहीत होतं असं आपण म्हणतो त्यातलं काही आजोबांनी तिला पुस्तकातून वाचूनही दाखवलेलं असतं. त्यात कमीपणा काही नाही.

आता जो भाग मला सगळ्यात आवडतो तो. अडुळशातलं औषधी द्रव्य शोधलं गेलं त्या गोष्टीत दवाखान्याच्या बरोबरीनं भाताचं खाचर आहे.

1880 च्या दशकात इंग्रज सरकार हिंदुस्थानातल्या उपयोगी वस्तूंची मोठी यादी करत होतं. हे काम जॉर्ज वॉट याच्याकडं होतं. त्याचा आर्थिक उपयोगाच्या वस्तूंचा कोश 1889 पासून निघाला. औषधापासून सरपणापर्यंत सगळं त्याला नोंदवायचं होतं, त्यामुळं अडुळशाचं लाकूड बंदुकीच्या दारूच्या कोळशाला चालतं, पानांतून पिवळा रंग निघतो, पानांत फळं गुंडाळली तर बुरशी आणि किडे लागत नाहीत, अशा गोष्टीही नोंदल्या गेल्या. आणि एक नोंद सतलज नदीच्या खोऱ्यातली. तिथले शेतकरी भातासाठी पाणी भरून तयार केलेल्या खाचरात अडुळशाची पानं पसरायचे. एक तर हिरवळीचं खत व्हायचं, आणि दुसरं म्हणजे पाण्यात वाढणारं तण मरायचं, जे नाहीतर भाताला त्रास देतं. 1887 साली वॉटनं याकडं लक्ष वेधलं.

त्याच सुमारास निलगिरीत उटीला डेव्हिड हूपर नावाचा रसायनतज्ज्ञ होता. सरकारी सिंकोना मळ्यांत क्विनाइन किती आहे ते तपासणं हे त्याचं मुख्य काम. म्हणजे झाडाच्या सालीतून कडू अल्कलॉइड कसं वेगळं करायचं यात हात बसलेला. त्यानं अडुळशाची पानं घेतली, त्यांचा अर्क काढला, आणि पाण्यातलं शेवाळ, जळवा, बेडूक अशा छोट्या जीवांवर तो घालून पाहिला. पाण्यातल्या या जीवांना अर्क मारक ठरला, मोठ्या जनावरांना तसा झाला नाही. आणि 1888 साली त्यानं पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं. वासिका नावावरून त्याचं नाव ठेवलं व्हॅसिसिन.

पुढं हूपर, वॉर्डन आणि मुंबईचे विल्यम डिमॉक या तिघांनी मिळून 1890 ते 1893 या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा मोठा ग्रंथ काढला. डिमॉक मुंबईत सरकारी औषधभांडाराचे मुख्य होते आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या वनौषधींवर त्यांचं त्याआधीच एक पुस्तक होतं. बाजारात गांधी काय विकतो, कुठल्या नावानं विकतो, याची त्यांना बारीक माहिती होती. त्या ग्रंथात अडुळशाच्या टिपणात वैद्याचा खोकला आणि शेतकऱ्याचं खाचर एकाच ठिकाणी भेटतात. आपण आज 'जैविक तणनाशक' म्हणून सेमिनार घेतो. सतलजच्या कुणबटानं ते सेमिनारशिवाय केलं होतं, आणि त्याचं नाव मात्र कुठंच नोंदलेलं नाही. हूपरचं आहे, वॉटचं आहे.

आता क्षयाचं बोलायला हवं, कारण अडुळशाचा इतिहास क्षयाशिवाय सांगितला तर तो अर्धा खोटा होतो. 1882 साली रॉबर्ट कॉखनं जर्मनीत क्षयाचा जंतू दाखवला. पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडलं असं नव्हे. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात डॉक्टर आनंदीबाई जोशी क्षयानं गेल्या. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली बाई, वय बावीसही पुरतं नाही, आणि त्या काळच्या जगातल्या कुठल्याही वैद्याकडं किंवा डॉक्टरकडं तिला वाचवेल असं काही नव्हतं. पुढच्याच वर्षी हूपरनं व्हॅसिसिन काढलं. त्यानं तरी ती वाचली असती का? नाही. अडुळसा कफ पातळ करतो, श्वासनळीला आराम देतो. क्षयाच्या जंतूला शरीरात जाऊन मारण्याइतकी ताकद त्यात असल्याचं कुणी दाखवलेलं नाही. मिरजेजवळ वानलेसवाडीला सॅनेटोरियम उभं राहिलं तेही स्वच्छ हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं एवढ्याच भरवशावर. खरं औषध 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपानं आलं, 1952 साली आयसोनियाझिड आलं, आणि 1956 साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासानं दाखवून दिलं की पेशंटला सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरी नीट गोळ्या दिल्या तरी तो तितकाच बरा होतो. गरीब देशांच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट होती.

म्हणून ते जुनं वचन मला धोक्याचं वाटतं. ज्या काळात दुसरं काही नव्हतं त्या काळात ते धीर देत होतं. आज तोच धीर माणसाला घरी बसवून ठेवतो. आमच्या शिवारातलाच एक म्हातारा गडी, नाव सांगत नाही, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत अडुळसा पीत राहिला. खोकला कमी व्हायचा, परत यायचा. कमी व्हायचा म्हणूनच तो थांबून राहिला. वजन उतरलं, संध्याकाळी ताप यायला लागला, थुंकीत लाल दिसलं तेव्हा पोरानं उचलून नेलं. बेडका तपासला, क्षय निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, आता ठीक आहे, पण घरातल्या सुनेलाही लागण झाली होती. त्या चार-पाच महिन्यांत ती त्याच्याच खोलीत झोपत होती.

नियम साधा आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, किंवा खोकल्याबरोबर संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर आधी सरकारी दवाखान्यात बेडका तपासायचा. तपासणी फुकट, औषध फुकट, आणि उपचार चालू असताना खाण्यासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात. अडुळसा त्यानंतर प्यायचा असेल तर डॉक्टरला सांगून प्या.

यात एक गंमत आहे ती मात्र सांगितलीच पाहिजे. 1996 साली लंडनच्या ग्रेंज आणि स्नेल यांनी अडुळशावरून बनवलेल्या दोन औषधांचा क्षयाच्या जंतूवर काचेच्या नळीत परिणाम होतो का ते पाहिलं आणि थोडा परिणाम दिसला. काचेच्या नळीत. नळी आणि फुफ्फुस यांत किती अंतर आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. लॅबमध्ये अळी मारणारं औषध शेतात कितीदा फसतं ते आपण पाहतोच.

ही दोन औषधं कोणती, तर ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल. मेडिकलमधून आणलेल्या खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, बहुतेक वेळा दोन्हीपैकी एक सापडेल. ती इथवर कशी आली ते थोडक्यात. हूपरनंतर कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधं शास्त्रीय पद्धतीनं तपासायचं काम हाती घेतलं. 1925 साली त्यांनी आणि घोष यांनी अडुळशावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1930 च्या दशकात कळलं की आपण ज्याची धुरी देतो त्या हरमलमधलं एक अल्कलॉइड आणि अडुळशातलं व्हॅसिसिन हे एकच आहे. 1959 साली अमीन आणि मेहता यांनी 'नेचर' या नामांकित नियतकालिकात दाखवलं की पानांत व्हॅसिसिनोन नावाचं आणखी एक द्रव्य आहे आणि ते श्वासनळ्या सैल करतं. व्हॅसिसिन हवेशी संयोग होऊन हळूहळू व्हॅसिसिनोन होतं. नुसतं व्हॅसिसिन श्वासनळी सैल करतं की आवळतं यावर बरीच वर्षं वाद चालला. घरातला काढा मात्र दोन्ही एकत्रच देत होता.

मग जर्मन कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी व्हॅसिसिनचा रेणू नमुन्याला घेऊन त्याच्यासारखाच पण वेगळा, कारखान्यात बनवता येईल असा रेणू तयार केला. ते ब्रोमहेक्सिन, 1960 च्या दशकातलं. ते पोटात गेल्यावर शरीर त्याचं जे करतं त्यातलंच एक द्रव्य म्हणजे अँब्रॉक्सॉल, तेही पुढं 1970 च्या दशकाच्या शेवटी स्वतंत्र औषध म्हणून आलं. दोन्हींचं काम एकच, घट्ट कफ पातळ करून बाहेर काढायला मदत करणं.

यात शेतकऱ्यानं काय लक्षात घ्यायचं? हे औषध जगभर खपतं आणि त्याला अडुळशाचं एक पानही लागत नाही. ते पूर्ण कारखान्यात बनतं. "अडुळशापासून इंग्रजी औषध बनतं, म्हणून लागवड करा, मोठी मागणी आहे" असं सांगत फिरणारे एजंट येतात, त्यांना हा एवढाच प्रश्न विचारा. पानांची खरी मागणी आयुर्वेदिक कंपन्यांची, वासावलेह, वासारिष्ट आणि खोकल्याच्या देशी सिरपांसाठी. तिथंही माल मोठ्या प्रमाणात रानातून आणि बांधांवरून गोळा होऊन येतो, त्यामुळं दर चढत नाही. लेखी खरेदीदार हातात असल्याशिवाय एकरभर अडुळसा लावू नका. बांधावर लावा, हरकत नाही.

आणि जे विकत घेतात त्यांच्यासाठी भेसळीची गोष्ट. वाळलेल्या अडुळशाच्या पोत्यात महारुखाची पानं मिसळलेली सापडतात. महारुख म्हणजे काड्यापेटीच्या लाकडाचं ते उंच झाड. हे नुसत्या लबाडीनं होतं असं नाही. गुजरातीत अडुळशाला अरडूसी म्हणतात आणि महारुखाला अरडूसो. एका मात्रेचा फरक. मागणी करणारा एक बोलतो, पाठवणारा दुसरं भरतो. ओली पानं असतील तर ओळखणं सोपं आहे, महारुखाची पर्णिका दातेरी आणि मोठ्या संयुक्त पानाचा भाग असते, अडुळशाचं पान साधं आणि कडेला सलग. वाळून चुरा झाला की प्रयोगशाळेतच कळतं, अडुळशाच्या पानाच्या पेशींत चुन्याचे खडे दिसतात. नाहीतर ताज्या फांद्या असतील तर शेळीपुढं टाका. महारुख ती आवडीनं खाते.

केरळात आणखी एक भानगड आहे. तिथले वैद्य लहान पानांचा अडुळसा, चिट्टाडलोडकम, जास्त गुणाचा मानतात. ती जवळची पण वेगळी जात आहे, अधातोडा बेडोमाय. आपल्याकडच्या रोपवाटिकेत मिळतो तो मोठ्या पानांचाच. वाळलेल्या पानात व्हॅसिसिन साधारण अर्धा ते दोन टक्के असतं, पण ते झाडाचं वय, हंगाम आणि वाळवण्याची पद्धत यांवर बदलतं. म्हणून दोन घरांतला काढा सारखा नसतो. पानं सावलीत वाळवा, उन्हात काळी पडतात.

कुणी घेऊ नये तेही लिहितो, कारण फॉरवर्ड मेसेजमध्ये हे कधीच नसतं. गरोदर बाईनं अडुळसा अजिबात घेऊ नये. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांच्या गटानं व्हॅसिसिनवर काम केलं, ते 1980 साली प्रसिद्ध झालं. त्यात ते गर्भाशयाचं आकुंचन घडवतं हे दिसलं. बाळंतपणात अडुळसा वापरण्याच्या जुन्या रीती ठिकठिकाणी होत्या, त्यामागचं कारण हेच असावं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, मग त्यात अडुळशाचा रस असो की नसो. मधातल्या एका जंतूच्या बीजाणूंनी एवढ्या लहान बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. आणि मळणीच्या भुशानं किंवा फवारणीनं छाती भरली असेल तर काढ्याआधी तोंडाला फडकं लावा. फवारणीनंतर छाती जड होऊन लाळ, घाम आणि डोळ्यांत अंधारी येत असेल तर तो खोकला नाही, ती विषबाधा आहे. सरळ दवाखाना, आणि औषधाचा डबा बरोबर न्यायचा.

लावायचा असेल त्यांच्यासाठी. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या कांड्या काढा, ना फार कोवळ्या ना फार जून. दोन डोळे मातीत राहतील अशा तिरप्या खोचा. पिशवीत लावल्या तर दोनेक महिन्यांत मुळ्या धरतात. कुंपणाला फूट-दीड फुटावर लावा. पहिल्या वर्षी पानं तोडू नका, दुसऱ्या वर्षापासून छाटणी करत राहिलं की फुटवा दाट येतो. पाणी साचणाऱ्या जागी मरतो, एरवी कुठंही येतो. दशपर्णी अर्कात काही शेतकरी याची पानं टाकतात, वासामुळं असेल, पण हूपरची बेडकांची गोष्ट आठवली की टाकायला काही हरकत दिसत नाही. फक्त शेततळ्याच्या काठावर ती पानं धुऊ नका, तळ्यात मासे असतील तर.

आता माझा प्रश्न मावळ, कोकण, भंडारा-गोंदिया इकडच्या भातवाल्यांना. चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला आपण सगळेच गाडतो. अडुळशाचा पाला कुणी खाचरात टाकून पाहिलाय का? टाकला असेल तर एका गुंठ्याला किती भारे, चिखलणीच्या किती दिवस आधी, आणि शेवाळ आणि पाणतणावर काही फरक दिसला का, हे कळवा. मी यंदा दोन वाफे बाजूला ठेवणार आहे, एकात गिरिपुष्प, एकात अडुळसा, तण मोजून ठेवीन.